फोमचे पैसे घेतले, इन्शुरन्सचे घेतले आणि पितळी डग्गेही बदलले

आमची शाळा केज तालुक्यातली. बहुतेक पोरांचे आई-बाप ऊसतोडीला, पोरं आजी-आजोबांपाशी. अशा घरांच्या लोकवर्गणीतून लातूरहून वापरलेली पण चांगली वाद्यं घेतली: तबला-डग्गे, ढोलक्या, हलग्या, टाळ, लेझीम. डग्गे पितळेचे, हाताला जड लागणारे. ती वाद्यं गावी आणताना जे झालं ते दुसऱ्या कुठल्या शाळेच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "सर, फोम लावून पॅक करतो, इन्शुरन्सबी आपल्याकडंच. बिनघोर ऱ्हावा." भाडं वेगळं, फोमचे 800, इन्शुरन्सचे 500. हाती दिली ती साधी चिठ्ठी. विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी नंबर नाही, तळाला बारीक अक्षरात 'माल मालकाच्या जोखमीवर'. गाडी सकाळी निघेल म्हणून माल रात्रभर त्याच्याच गोडाऊनला राहिला.

आला तो तुरीच्या पोत्यांखाली, नुसत्या बारदानात. फोमचा तुकडा नाही. टाळ सुटेच टाकलेले. त्यांच्या कडांनी ढोलकीची पुडी आणि दोन हलग्यांचं कातडं फाटलं. डग्ग्यावर थाप मारली तर आवाज पत्र्याचा. विज्ञानाच्या पेटीतलं लोहचुंबक लावलं, ते चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. आमचे डग्गे ठेवून घेऊन पॉलिश केलेले लोखंडी पाठवले होते! खड्ड्यानं कातडं फाटलं म्हणता येईल, डग्गा खड्ड्यानं बदलत नाही.

विक्रेत्याच्या बिलावर 'पितळी' आणि वजन लिहिलेलं आहे, त्याच्या जोरावर पोलिसांत तक्रार दिली आणि ट्रान्सपोर्टला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार दावा करण्याआधी बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. जास्त हवी तर जादा दर भरून तसं आधीच ठरवावं लागतं. म्हणून चिठ्ठी घेऊ नका, मालाची किंमत लिहिलेली बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची रीतसर मालपावतीच मागा. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

पॅकिंगला तर पैसेच द्यायला नकोत. तबला-डग्गे जुन्या वाकळेत गुंडाळून प्लास्टिकच्या टबात बसवा. टाळांच्या जोडीत कापड घालून त्यांची पेटी वेगळी ठेवा. लेझमीच्या साखळ्या बांधा. ढोलकीची दोरी थोडी सैल करा, कारण आपल्याकडच्या उन्हात बंद टेम्पोत कातडं ताणून तडकतं. निघण्याआधी प्रत्येक डग्ग्याचा वजनकाट्यावर फोटो काढा, माल गोडाऊनला मुक्कामी ठेवू नका, शक्यतो शाळेतलं कुणीतरी गाडीत बसवा. आणि उतरवताना माल ड्रायव्हरसमोर उघडा. काही फाटलं-फुटलं दिसलं तर बिल्टीवर तसं लिहूनच सही करा.