मिशनरींच्या खोलीसाठी कोतात्सु: घ्यावा की एसीवर भागवावं?

लेटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती पंथाचे तरुण मिशनरी जपानात जोडीजोडीनं भाड्याच्या खोलीत राहतात. मुलगे दोन वर्षं, मुली 18 महिने. पहिल्या थंडीत त्यांना चकवते ती घरातली गारठ. जुन्या घरांच्या भिंती पातळ, सगळं घर तापवायची सोय नाही, आणि रॉकेलच्या स्टोव्हला बरेच घरमालक करारातच मनाई करतात. मग उरतात दोन पर्याय: भिंतीवरचा एसी, जो थंडीत गरम हवाही देतो, नाहीतर कोतात्सु.

कोतात्सु म्हणजे बैठं टेबल. लाकडी चौकटीच्या खालच्या अंगाला विजेचा हीटर, चौकटीवर जाड रजई, तिच्यावर फळी. पाय रजईत घालून बसायचं. एक गोष्ट आधीच समजून घ्या: हा खोली तापवत नाही, माणूस तापवतो, तोही कमरेखाली. पाठ गारच राहते. म्हणून अंगात हान्तेन, म्हणजे तिथला कापूस भरलेला आखूड कोट, हवाच. खोली गरम होईल या आशेनं घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

माप निवडताना लोक चुकतात. 75 सेंमीचा चौरस दोघांना जेवायला पुरतो, पण सकाळी भाषेची पुस्तकं समोरासमोर उघडली की कोपरं भिडतात. 105 × 75 सेंमीचा घ्या. तातामी म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जाड चटया, खोलीचं माप त्यांवरच मोजतात. सहा तातामींच्या खोलीत, म्हणजे साधारण 10 चौरस मीटरमध्ये, तो बसतो. मात्र रात्री अंथरुणं घालायला रोज बाजूला सारावा लागतो. सारताना चौकट धरून उचला. फळी नुसती वर ठेवलेली असते, तिला धरलंत तर तीच हातात येते. आणि फरफटवू नका: पायांचे बोल्ट सैल होतात, ताताम्याही सोलवटतात.

खर्चात कोतात्सुला तोड नाही. हीटरवर 500 ते 600 वॅट लिहिलेलं असतं, पण आत ऊब धरली की थर्मोस्टॅट तो चालू-बंद करत राहतो. सरासरी 180 वॅट धरले आणि युनिटला 31 येन, तर तासाला साडेपाच येनच्या आसपास पडतात.

जुना घेत असाल तर पालथा करून बघा. हीटरची जाळी शाबूत हवी. जळका वास आला तर बहुतेक वेळा आत साठलेली धूळ तापत असते: प्लग काढा, गार होऊ द्या, व्हॅक्यूमनं ओढून घ्या. वायर बहुधा वेगळी निघते. ती हरवलेली किंवा कापडी वेष्टण विटलेली असेल, तर त्या मॉडेलची वायर मिळते का ते आधी विचारा. आत ओले मोजे वाळत घालायचा मोह सगळ्यांना होतो. घालू नका, कपडा किंवा आत ढकललेली रजई हीटरला टेकली की आग लागू शकते. आत झोपणंही वाईट. चटका जाणवत नाही, पण तासन्‌तास एकाच जागी ऊब लागून कातडी भाजते, शिवाय घशाला कोरड पडते. रजई अधूनमधून उन्हात टाका, नाहीतर खालच्या ताताम्यांना बुरशी धरते.

घरी कोतात्सु असला की दुसऱ्यांच्या घरी जाताना बुजायला होत नाही. पाय आत कसे दुमडायचे, समोरच्याला लाथ न लागता कसं बसायचं, रजई आपल्या बाजूनंच किती उचलायची, याची सवय झालेली असते. बाकीचे नियम कोतात्सु शिकवत नाही: बूट गेंकानमध्ये, म्हणजे दाराशी बूट काढायच्या जागेत, सपाता ताताम्यांच्या बाहेर, शौचालयातल्या सपाता तिथंच. मोजे मात्र धड हवेत. आत सगळ्यांचे पाय एकत्र येतात. पंथात हिरवा चहा वर्ज्य आहे, तेव्हा यजमान विचारतात त्याच वेळी मुगिचा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पेय, चालेल असं सांगून टाका. ओतल्यावर नको म्हणणं दोघांनाही अवघड जातं.

होक्काइदोत, म्हणजे उत्तरेच्या थंड बेटावर, नेमणूक असेल तर घेऊच नका. तिथली घरं दुहेरी खिडक्यांची आणि आतून चांगली तापवलेली असतात. तोक्योपासून दक्षिणेच्या क्युशू बेटापर्यंत मात्र घ्याच, जमलं तर रीसायकल दुकानातून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून. सोडून जाताना तो साध्या कचऱ्यात चालत नाही. पालिकेकडे मोठ्या कचऱ्याची वेळ घ्यावी लागते, फीचं स्टिकर चिकटवून ठरल्या दिवशी बाहेर ठेवावा लागतो. त्यापेक्षा पुढच्या जोडीला देऊन टाका, वायरीसकट.