देव मायबाप, नियम, सखा की लेकरू? ठरवताना काय काय बघायचं

आधीच सांगून टाकते, मी वारकरी घरातली आहे त्यामुळे माझा कल माऊलीकडे आहे. तरी हे लिहितेय ते वारकऱ्यांसाठी नाही, ज्यांच्या मनात सध्या खरोखर गोंधळ चाललाय त्यांच्यासाठी लिहितेय. घरात कोणीतरी अवेळी गेलंय, किंवा परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर रिपोर्टची वाट बघत बसावं लागलंय, आणि लहानपणापासून ऐकलेलं "देव आपली काळजी घेतो" हे वाक्य आता घशाखाली उतरत नाहीये, अशांसाठी. देव आहे की नाही हा वाद इथे घेत नाही. देव मानायचाय पण त्याच्याशी नातं काय ठेवायचं हे ठरत नाहीये, एवढाच प्रश्न घेते.

तपासायला मी तीनच गोष्टी वापरते. वाईट दिवशी ही कल्पना आपल्याला काय सांगते, आपल्याला उलट काय बोलू देते, आणि शेजारच्या माणसाशी कसं वागायला लावते. तिसरी लोक सहसा बघतच नाहीत, माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची.

मायबाप

आपल्याकडे हे इतकं मुरलेलं आहे की वेगळं शिकवावं लागत नाही. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात पहाटेपासून रांग असते, सकाळच्या लोकलमधे भजनी मंडळ टाळ वाजवत असतं, आणि सगळीकडे हाक एकच, माऊली. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण स्वतः सांगतो की या जगाचा पिता मी, माता मी, आजोबाही मीच. जनाबाईंचा विठोबा तर पोरांचं लटांबर घेऊन चाललाय, एक खांद्यावर, एक कडेवर, एकाचं बोट धरलेलं.

पण हे ज्यांनी म्हटलं त्यांची आयुष्यं बघा ना. जनाबाई लहानपणीच आई-बापाविना दुसऱ्याच्या घरी कामाला राहिलेली मुलगी. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं, परंपरा सांगते की आई-वडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला आणि ही चार पोरं उघड्यावर पडली, आणि त्यातलाच एक जण शके 1212 मधे म्हणजे 1290 साली सगळ्या विश्वासाठी पसायदान मागतो आणि पुढे लोक त्यालाच माऊली म्हणायला लागतात. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा 1630 च्या आसपासच्या दुष्काळात गेले, दुकान बुडालं. म्हणजे देवाला आई म्हणणारी ही माणसं सुखात वाढलेली नव्हती, त्यांना माहीत होतं की देव आई असला तरी पोर मरतं, दुष्काळ पडतो. तरी ते म्हणाले. म्हणून "आयुष्यात दुःख आलं म्हणजे देव आई-बाप नाही" हे लॉजिक मला पटत नाही, ज्यांनी ही हाक रुजवली त्यांच्यासाठी ती कधी सुरक्षिततेची गॅरंटी नव्हतीच.

ख्रिस्ती परंपरेतही सगळ्यात टोकाच्या जागी हेच दिसतं. प्रार्थनाच "आमच्या स्वर्गातील पित्या" अशी सुरू होते, घर सोडून गेलेल्या मुलाला लांबून बघून धावत जाणारा बाप लूकच्या शुभवर्तमानात आहे, हे आपल्याला माहीत असतं. पण ज्या रात्री पकडून नेलं त्याच रात्री, त्याच्या थोडं आधी, येशू "अब्बा, बापा" अशी हाक मारून हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणतो, आणि तो प्याला दूर होत नाही. ज्याने देवाला बाप म्हणायला शिकवलं त्याचंच मागणं मान्य झालं नाही. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमधे मेणबत्ती लावताना हे लक्षात ठेवलं तर अपेक्षा जरा जागेवर राहते. बाय द वे, कवी नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला, त्यांनी ख्रिस्ताला गुरु आणि माता म्हटलं, इतकी ही आईची हाक मराठी माणसाच्या रक्तात आहे.

दुसरी कसोटी, उलट बोलू देते का. इथे मायबाप सगळ्यात पुढे. जनाबाई विठोबाला चक्क "अरे विठ्या, कारट्या" म्हणून शिव्या देते, आणि तो अभंग आपण अजून गातो, कोणी लपवलेला नाही. तुकोबा देवावर चिडतात, हिशोब मागतात. आईवर पोर जसं ओरडू शकतं तसं साहेबावर ओरडता येत नाही. तुम्हाला सध्या देवाचा राग आलेला असेल तर तो राग ठेवायला जागा याच नात्यात आहे, आणि तो रागही भक्तीतच धरला जातो.

आता अडचण. चोखामेळा. ज्या देवाला लेकुरवाळा म्हणतात त्याच्याच देवळात या लेकराला पाय ठेवू दिला नाही, मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून ते गेले आणि समाधी मिळाली ती महाद्वारासमोर, बाहेर. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठे ते दार दलितांना उघडलं. सहाशे वर्षं. कोणी म्हणेल की ते देवाने नाही माणसांनी केलं, बरोबर आहे, पण मायबाप म्हणत म्हणत माणसं हे करू शकली हे खरं आहे ना. म्हणजे "देव माझी आई आहे" एवढ्यावर थांबलं तर ती फक्त माझीच आई होते.

हे पुढे नेलं ते जोतीराव फुल्यांनी. 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्याच्या शपथेत हेच होतं की सगळी माणसं एकाच देवाची लेकरं आहेत, म्हणून ती माझी भावंडं आहेत, आणि आईला भेटायला किंवा बापाला प्रसन्न करायला जसा दलाल लागत नाही तसा देवाच्या भक्तीला भट लागत नाही. मला हे वाचलं तेव्हा एकदम लख्ख झालं. मायबाप मानायचं असेल तर भावंडं आपोआप मानावी लागतात, ती सोडून फक्त आई घेता येत नाही. सहा वर्षं आधी, 1867 मधे, आपल्या मुंबईत प्रार्थना समाज सुरू झाला होता, त्यांनीही मूर्ती बाजूला ठेवली पण बाप आणि तुकोबा दोन्ही ठेवले. गिरगावात त्या नाक्याला लोक अजून प्रार्थना समाजच म्हणतात.

नियम

म्हणजे कर्म, ऋत (जग ज्या नियमाने चालतं तो), किंवा रूप-गुण नसलेलं निर्गुण ब्रह्म. देव कोणाचा लाडका नाही, जे आहे ते नियमाने चाललंय. गंमत म्हणजे हेही गीतेच्या त्याच नवव्या अध्यायात आहे, मी सर्व भूतांना सारखा, मला कोणी नावडता नाही आणि कोणी प्रिय नाही, आणि लगेच पुढच्याच ओळीत, जे भक्तीने भजतात ते माझ्यात आणि मी त्यांच्यात. म्हणजे गीतेने हा वाद एका बाजूने निकाली काढलेला नाही.

याचा मोठा फायदा असा की "मलाच का" हा प्रश्न जरा सैल होतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या पावसाने चांगला-वाईट बघितला नाही. ज्यांचं माणूस त्या पाण्यात गेलं त्यांना "आईने हात का नाही दिला" असा विचार करत जगण्यापेक्षा पाऊस पाऊस असतो हे मानणं सोपं जात असेल तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण त्याच रात्री अनोळखी लोकांनी बसमधे अडकलेल्यांना चहा-बिस्किटं दिली, घरात घेतलं. ते कुठल्या नियमात बसवायचं? मला तिथे भावंडं दिसतात.

आणि कर्माच्या बाबतीत स्पष्ट बोलते. स्वतःच्या आयुष्याला लावून शिस्त म्हणून ते चांगलं आहे, मी हे केलं त्याचं हे फळ, पुढे नीट वागेन. दुसऱ्याच्या दुःखाला लावलं की ते क्रूर होतं. वाडियाच्या, म्हणजे मुलांच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात बसलेल्या आईला "पूर्वजन्मीचं असेल काहीतरी" म्हणणारे नातेवाईक सगळ्यांनी बघितलेत. आणि पिढ्यानपिढ्या जातीचं समर्थन याच वाक्यावर झालंय. उलट बोलायची सोय तर अजिबात नाही, नियमाशी भांडणार कसं.

सखा

यावर थोडक्यात. अर्जुन विश्वरूप बघून घाबरतो तेव्हा म्हणतो की बाप मुलाचं, मित्र मित्राचं सहन करतो तसं माझं सहन कर, दोन्ही नाती एकाच श्वासात. ज्यांचे स्वतःचे वडील मारकुटे होते, दारू पिऊन घर उद्ध्वस्त केलेलं, किंवा आईनेच टाकलेलं, त्यांना "देव बापासारखा" म्हटलं की पोटात गोळा येतो आणि तो येणं साहजिक आहे. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1927 मधे लिहिलं की माणूस लहानपणीच्या बापाचीच मोठी सावली आकाशात बघतो. मला ते पूर्ण पटत नाही, पण ज्याचा बाप भीतीदायक होता त्याच्या मनात देवही तसाच उतरू शकतो, हे मी आसपास बघितलंय. अशांनी जबरदस्तीने मायबाप म्हणू नये. सखा म्हणा. त्यात कमीपणा काहीच नाही.

लेकरू

याचा विचार फार कमी लोक करतात. गोकुळाष्टमीला पाळणा हलवतो तेव्हा आई आपण असतो, बाळ देव असतो. भक्तीशास्त्रात यालाच वात्सल्य भाव म्हणतात. ज्यांना काही मागायचंच नाही, ज्यांच्याकडे माया खूप आहे आणि ठेवायला जागा नाही, त्यांना हे नातं फार मानवतं. मूल न झालेल्या किंवा मुलं परदेशात असलेल्या कितीतरी बायका लंगड्या बाळकृष्णाला रोज उठवतात, न्हाऊ घालतात, थंडीत शाल घालतात. कोणी याला वेड म्हटलं तर मला खरंच वाईट वाटतं.

आई-बाप न म्हणणारे

इस्लाममधे देवाला बाप म्हणत नाहीत, तो कोणाचा जनक नाही आणि त्याला कोणी जन्म दिलेला नाही हे कुराणात स्पष्ट आहे. पण म्हणून तो कोरडा नाही. हदीसमधे, म्हणजे पैगंबरांच्या आठवणी-वचनांच्या संग्रहात, प्रसंग आहे, कैदेतल्या एका बाईला तिचं बाळ सापडतं, ती त्याला छातीशी धरून दूध पाजते, आणि पैगंबर म्हणतात की ही बाई या पोराला आगीत टाकेल का, आणि अल्लाह आपल्या बंद्यांवर हिच्यापेक्षाही जास्त दयाळू आहे. म्हणजे नातं नाकारलं तरी मायेचं माप आईचंच घेतलं.

बुद्धाकडे निर्माता देवच नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला येणारी लाखो माणसं कोणा आकाशातल्या आईकडे मागायला येत नाहीत. पण मेत्त सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या मैत्रीभावावरच्या उपदेशात, सांगितलंय की आई जशी आपल्या एकुलत्या एका लेकराला जीव देऊन जपते, तसं मन सगळ्या प्राण्यांसाठी ठेव. इथे आईपण माणसाकडेच मागितलंय. माझ्या तिसऱ्या कसोटीवर हे सगळ्यात वर येतं, आणि मी वारकरी असून हे मान्य करते.

मग कोणी काय घ्यावं

रागावलेले असाल आणि कोणाशी तरी भांडायचं असेल तर मायबाप. अपराधी वाटत असेल, माझ्याच पापाने झालं असं डोक्यात फिरत असेल तर कर्माच्या वाटेला सध्या जाऊ नका, मायबाप किंवा सखा घ्या. देवाने वाचवलं नाही हा विचार झोपू देत नसेल तर काही काळ नियम घ्या, थंड वाटेल पण दम खाता येतो. देवाविषयी काहीच वाटत नसेल तर मेत्तेपासून सुरुवात करा, ती करायला काही मानावं लागत नाही.

मायबाप घेणाऱ्यांनी अजून एक ठरवावं. दक्षिणेतल्या विष्णुभक्त श्रीवैष्णवांत जुना वाद आहे की देवाची कृपा भक्ताने कशी मिळवायची, माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. आजारपणात, हातात ताकद नसताना मी मांजरीच्या बाजूची आहे. त्या वेळी कोणालाही "तुझी श्रद्धा कमी पडली" म्हणू नये.

आणि घरात लहान मूल असेल तर एक विनंती. आजी गेल्यावर "देवाला आवडली म्हणून त्याने नेली" असं सांगू नका. आपण समजूत म्हणून बोलतो, पण मूल ते शब्दशः घेतं, मग देव म्हणजे माणसं उचलून नेणारा, आणि आता आईपण त्याला आवडली तर? सरळ सांगा की आजी खूप आजारी होती, डॉक्टरांनी प्रयत्न केले, शरीर थकलं. आणि मग मूल विचारेलच की देव तेव्हा काय करत होता. माझ्या भाचीने विचारलं तेव्हा मी सांगितलं की मला वाटतं तोही आपल्यासोबत रडत होता, आणि तुला त्याचा राग आला असेल तर त्याला सांग. तिने सांगितला, मोठ्याने.