अपॉक्रिफा की ड्युटेरोकॅनॉनिकल?

टोबित, जुडिथ, मक्काबी या बायबलमधल्या वादग्रस्त ग्रंथांना (कॅथलिक ते पवित्र शास्त्र मानतात, प्रॉटेस्टंट मानत नाहीत) लेखात काय म्हणायचं, असा पेच एका भाषांतरकार मैत्रिणीला पडला होता.

आधी अर्थ. 'अपॉक्रिफा' ग्रीक शब्द, म्हणजे 'लपवलेलं'. ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथसंग्रहाबाहेरच्या ग्रंथांसाठी तो बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोमने वापरला. पुढे प्रॉटेस्टंट धर्मसुधारक लूथरच्या 1534 च्या जर्मन बायबलात हे ग्रंथ याच नावाखाली वेगळे काढले गेले: वाचायला चांगले, पण पवित्र शास्त्राच्या तोडीचे नाहीत! 'ड्युटेरोकॅनॉनिकल' म्हणजे नंतर प्रमाण ठरलेले. हा शब्द कॅथलिक विद्वान सिएनाच्या सिक्स्टसने 1566 मध्ये रूढ केला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1546 मध्येच त्या ग्रंथांवर शिक्कामोर्तब केलं होतं.

सोपेपणात अपॉक्रिफा सरस. दुसरा शब्द उच्चारतानाच दम लागतो. पण घोटाळा पहिल्यातच जास्त. कॅथलिक माणूस अपॉक्रिफा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे थॉमसचं शुभवर्तमान वगैरे बायबलात नसलेलं लेखन असतं, टोबित नव्हे. शिवाय त्या शब्दाला आता 'बनावट' असा वास चिकटलाय.

वसई-गोव्याच्या कॅथलिक वाचकांसाठी, म्हणजे 73 ग्रंथांच्या बायबलसाठी, ड्युटेरोकॅनॉनिकलच हवं. 66 ग्रंथ मानणाऱ्या प्रॉटेस्टंट परंपरेवर लिहिताना अपॉक्रिफा चालेल. मिश्र वाचक असतील तर मी सरळ ग्रंथांची नावंच देईन.