फुकट ते पौष्टिक? पक्ष्यासाठी कंपनीचं सॅम्पल मागवावं की लहान पाकीट आणावं

बियांवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेट्सवर, म्हणजे सगळं पोषण एकत्र दाबून केलेल्या तयार दाण्यांवर, आणायचं ठरलं की प्रत्येकाच्या मनात एकच धाकधूक असते. एवढं पाकीट आणायचं आणि पठ्ठ्याने ढुंकूनही पाहिलं नाही तर? मग कुणीतरी सुचवतं, ‘अहो, कंपनीला लिहा की, फुकट सॅम्पल देतात.’ देतात, हे खरं आहे. सगळ्या देत नाहीत, नेहमी देत नाहीत, पण देतात. मी तीन ठिकाणांहून मागवून बघितली, आणि नंतर सगळ्यांत लहान पाकीट विकत आणण्याच्या वाटेनेही गेलो. दोन्हींत काय हाती लागलं ते सांगतो. माझा अनुभव एका घराचा आणि एका पक्ष्याचा आहे, तेव्हा त्याला तेवढंच महत्त्व द्या.

पक्षी म्हणजे ठकी, आमची कॉकटेल, तुरा असलेल्या छोट्या पोपटाची एक जात. वजन ९२ ग्रॅम. नव्या गोष्टीच्या बाबतीत इतकी सावध, की पाण्याची वाटी दुसऱ्या रंगाची ठेवली तरी अर्धा दिवस तिच्याकडे फिरकत नाही. तुमचा पक्षी समोर येईल त्यावर चोच मारणारा असेल, तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू पडणार नाही.

आधी सॅम्पलची बाजू. मिळवणं फारसं अवघड नाही, मागायचं कसं ते कळायला हवं. ‘फ्री सॅम्पल पाठवा’ एवढ्याच ओळीच्या माझ्या पहिल्या ईमेलला उत्तरच आलं नाही. दुसऱ्या वेळी मी पक्षी कोणता, वय किती, सध्या काय खातो आणि कोणत्या आकाराचा दाणा हवा हे चार ओळींत लिहिलं, तर आठवड्यात होकार आला. समोरच्याला हा माणूस पुढे गिऱ्हाईक होईल असं वाटलं पाहिजे, एवढंच त्यातलं मर्म. दुसरी वाट म्हणजे पक्ष्यांचे डॉक्टर. कंपन्या सॅम्पल आधी डॉक्टरांना आणि पैदास करणाऱ्यांना देतात, त्यामुळे दवाखान्यातल्या एखाद्या खणात दोन-चार पुड्या पडून असण्याची शक्यता बरीच असते. तपासणीला गेलात की विचारून बघा, लाजायचं काही कारण नाही. पक्ष्यांच्या प्रदर्शनातही पुड्या वाटतात. बाकी या व्यवहारात तुमचा फोन नंबर जातो आणि मागून जाहिराती येतात, ते गृहीतच धरा. सॅम्पल फुकट पण पाठवणावळ तुमची, असा प्रकारही असतो. तशा वेळी शांतपणे हिशोब करावा. पाठवणावळ लहान पाकिटाच्या किमतीच्या जवळ जात असेल तर फुकट कशाला म्हणायचं?

दाण्याच्या आकाराकडे लोक फार दुर्लक्ष करतात. माणसाच्या जिभेवर चव कळणाऱ्या कळ्या हजारोंनी असतात, पोपटाच्या जातीत काही शेच. चव त्यांना कळते, पण ‘हे खाण्याचं आहे का’ याचा निकाल बराचसा डोळा आणि चोच देतात. म्हणून तर हॅरिसन्स या कंपनीच्या पेलेट्स सुपरफाइन, फाइन आणि कोर्स अशा वेगवेगळ्या दाण्यांत येतात. पाकीट घेताना दाणा तुम्ही निवडता. सॅम्पलमध्ये जो शिल्लक असेल तो येतो. एका ठिकाणाहून मला मकावसारख्या भल्यामोठ्या पोपटाला शोभेल असा ढेकळाएवढा दाणा आला. मी तो लाटण्याने भरडून दिला आणि ठकीने त्या भुग्यात पाय बुडवून सगळीकडे पसरला. भरडलेलं चालतं, त्यात गैर काही नाही. पण मग आपण नक्की कशाची परीक्षा घेतोय ते कळेनासं होतं.

ताजेपणाचं थोडक्यात. कंपनीने सीलबंद पुडी दिली तर तारीख असते, मोठ्या पोत्यातून काढून साध्या पिशवीत भरून दिलं तर नसते. पेलेट्समधली स्निग्धता खवट होते, आणि खवट सॅम्पल पक्ष्याने टाकलं म्हणून ती कंपनीच टाकून दिली तर तो अन्याय होईल. तारीख नसेल तर निदान वास घेऊन बघा.

इथवर पारडं सारखंच होतं. माझा निर्णय झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर, आणि ती सांगितली तर तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. पण तिने माझे दोन महिने खाल्ले.

सॅम्पल आलं साठ ग्रॅमचं. कॉकटेल दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम खाते, म्हणजे पेलेट्स खाणाऱ्या पक्ष्याला ते पाच दिवसही जेमतेम पुरतं. मी मनात म्हटलं, ठकी तर खाणारच नाही पहिले काही दिवस, मग भरपूर पुरेल. इथेच चुकलो. न खाणारा पक्षीही पुडी संपवतो. सकाळी एक चमचा वाटीत घालायचा, दिवसभर ती त्यावर बसणार, शी करणार, पाण्याचे शिंतोडे उडवणार, आणि संध्याकाळी ते सगळं कचऱ्यात. रोजचे पाच ग्रॅम असे गेले. आकडेमोड सोपी आहे, साठ ग्रॅम, बारा दिवस.

अकराव्या दिवशी दुपारी ठकीने एक दाणा उचलला, चोचीत फिरवला, कडकन फोडला आणि अर्धा गिळला. मी घरभर सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी तीन दाणे. तिसऱ्या दिवशी पुडीच्या तळाशी पीठ उरलं होतं.

कंपनीला लिहिलं. उत्तर सौजन्याचं आलं, एका घराला एकच सॅम्पल. त्यांचंही बरोबर आहे, धर्मादाय खातं थोडंच उघडलंय त्यांनी. मग पाकीट मागवलं. ते यायला नऊ दिवस लागले आणि तोवर ठकी पूर्ण बियांवर. पाकीट आलं तेव्हा तिने त्या वाटीकडे असं पाहिलं, जणू हा पदार्थ आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. पहिल्या पानावरून पुन्हा सुरुवात. कुणाला हा योगायोग वाटेल, पण मला नाही वाटत. पक्ष्याला मन बनवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ टिकेल असं सॅम्पल कुणी देतच नाही. बियांवरून पेलेट्सवर यायला कित्येक आठवडे लागतात, काही हट्टी पक्षी महिनेही घेतात.

यात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला नंतर जास्त टोचली. पुडी संपत आली तशी मी घाई करू लागलो. दहाव्या दिवशी मी बिया निम्म्यावर आणल्या होत्या. ‘भूक लागली की खाईल’ हा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. लहान पक्ष्याच्या बाबतीत हा विचार धोक्याचा आहे. नवा पदार्थ अन्न आहे हेच त्याला उमगलं नाही, तर भरल्या वाटीसमोर तो उपाशी राहतो, आणि एवढ्याशा जिवाला एक-दोन दिवसांचा उपासही झेपत नाही. ठकीचं वजन त्या आठवड्यात ९२ वरून ८६ वर आलं. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट झाली तर प्रयोग थांबवून डॉक्टर गाठायचा, असं मला सांगितलेलं होतं. म्हणजे आमची रेघ ८३ च्या जरा खाली होती. मी तिथून फार लांब नव्हतो, आणि कारण काय, तर फुकटची पुडी संपत आली होती.

विकत आणलेल्या पाकिटाने ती घाईच काढून घेतली. अर्ध्या किलोच्या आसपासचं होतं. रोज चमचाभर फेकलं जातंय याचं काही वाटेना, कारण संपायची भीती नव्हती. बिया सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, मधल्या वेळात पेलेट्स. पिंजऱ्याबाहेर असताना टेबलावर आडव्या ठेवलेल्या आरशावर थोडा चुरा टाकायचा. आरशातली ‘ती’ टिपतेय असं बघून ठकीही टिपायची. मी स्वतः समोर बसून खाल्ल्याचं नाटक करायचो, घरातल्यांची करमणूक व्हायची. रोज सकाळी दाणा देण्याआधी ग्रॅममध्ये दाखवणाऱ्या काट्यावर वजन. शी कमी झाली किंवा गडद हिरवी, काळपट दिसली की समजायचं, पोटात काही जात नाहीये, दोन पावलं मागे या. सहाव्या आठवड्यात ती वाटीतून आपणहून खाऊ लागली. वजन ९०.

याच काळात लाफेबर कंपनीच्या न्यूट्री-बेरीज नावाच्या गोळ्या मधल्या पायरीसारख्या वापरल्या. त्यात बिया असतात पण बाकीचं पोषणही बांधलेलं असतं, त्यामुळे बियांना चटावलेला पक्षी निदान तोंड तरी लावतो. ज्यांचा पक्षी पेलेट बघून पळतो, त्यांनी हा पर्याय लक्षात ठेवावा.

एक गैरसमजही दूर करतो. सॅम्पलवरून ‘खाणं चांगलं की वाईट’ कळत नाही, ‘घेतो की नाही’ एवढंच कळतं. चांगलं-वाईट ठरवायला वेगळी मेहनत लागते. पक्ष्यांच्या आहाराचे अभ्यासक टॉम राउडीबुश यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमध्ये कॉकटेलच्या पिल्लांवर काम केलं, तेव्हा त्यांच्या वाढीला सुमारे २० टक्के प्रथिनं लागतात हे कळलं. तसलं काही आपल्या बाल्कनीत बारा दिवसांत होत नाही. उलट सॅम्पलच्या शर्यतीत बऱ्याचदा रंगीत, फळांच्या वासाचं पेलेट पुढे जातं. झुप्रीम या कंपनीचंच उदाहरण घ्या, फ्रूटब्लेंड रंगीबेरंगी आणि नॅचरल साधं. रंगीत खाल्लं की शीला रंग येतो, आणि मग आजारपणाची पहिली खूण दिसायची ती त्या रंगात लपते. हट्टी पक्ष्याला सुरुवातीला रंगीत द्यायला माझी हरकत नाही. पण तेच नेहमीचं करायचं असेल तर विचार करा.

पाकिटाचा तोटा सांगायला हवा. पक्ष्याने खरोखरच नाही खाल्लं तर पैसे गेले, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि घरात एकच बजी, म्हणजे कॉकटेलहूनही लहान पोपट, असेल तर अर्धा किलो दोन महिन्यांच्या पुढे जातं, तोवर उघडं पाकीट खवटायला लागतं. मी निम्मं हवाबंद डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. त्याहून मोठं पाकीट ‘स्वस्त पडतं’ म्हणून पहिल्याच वेळी आणू नका, ती बचत बहुधा कचऱ्यातच जाते.

ओळखीच्या पक्षीवाल्याकडून मूठभर मागून घ्यायची तिसरी वाटही लोक सांगतात. सील न फोडलेली पुडी असेल तर जरूर घ्या. पिंजऱ्याशेजारच्या उघड्या डब्यातलं मात्र मी घेत नाही. दुसऱ्या घरच्या पक्ष्यांचा रोग आपल्याकडे यायला तेवढं पुरतं.

तरी मी सॅम्पलला मोडीत काढत नाही. पक्षी आधीच पेलेट्स खात असेल आणि तुम्हाला फक्त कंपनी बदलायची असेल, तर सॅम्पलसारखी सोय नाही, दोन दिवसांत निकाल लागतो. नुकतं भरवणीतून सुटलेलं पिल्लू असेल तरीही तसंच, त्या वयात ती नवं पटकन घेतात. मोठ्या पोपटाचं सांगायचं तर साठ ग्रॅम म्हणजे त्याची दिवसाचीच वाटी. हॅरिसन्ससारख्या ठिकाणी बियांवरून आणताना आधी हाय पोटेन्सी आणि स्थिरावल्यावर अॅडल्ट लाइफटाइम असा क्रम सांगतात. तिथे सॅम्पल मागताना यातलं कोणतं हवं ते नावानिशी लिहा, नाहीतर पुढच्या पायरीचं आधी येऊन बसेल. आणि बियांवरच्या पक्ष्यासाठी सॅम्पलच वापरायचं असेल, तर निदान तेच पाकीट घरात आणून ठेवल्याशिवाय पुडी फोडू नका. पुढचा प्रश्न तुम्ही विचारालच, पाकीट घरात आहे तर पुडी कशाला? मलाही तोच पडला होता.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीने पैदास करणाऱ्याकडून बजी आणला. तो लहानपणापासून पेलेट्सवरच होता. मी हे सगळं पुराण तिला फोनवर ऐकवलं आणि शेवटी म्हटलं, तुझ्या बाबतीत मात्र सॅम्पल मागव. मागवलं तिने. बजीने पहिल्या तासात वाटी निम्मी केली. तिने फोटो पाठवला, खाली एकच ओळ, ‘दादा, तू उगाच पैसे घातलेस.’