सरपंचाच्या हितसंबंधाविरुद्ध दाद: जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १६ की आयुक्तांकडे कलम ३९?

आपल्या ग्रामपंचायतीचा सरपंच किंवा सदस्यच गावाच्या कामात पुरवठादार झाला आहे अशी खात्री पटली आणि गटविकास अधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनांतून काही निष्पन्न झाले नाही, की दोन मार्ग उरतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ (१) (ग) चा आधार घेऊन कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा विवाद अर्ज दाखल करणे हा एक, आणि कलम ३९ खाली आपल्या विभागाच्या, म्हणजे आमच्या खानदेशात नाशिकच्या, विभागीय आयुक्तांकडे गैरवर्तनाची तक्रार करणे हा दुसरा. मी दोन्ही मार्गांनी गेलो आहे. प्रत्येक प्रकरणाची घडण वेगळी असते, त्यामुळे माझा अनुभव सर्वांना लागू पडेलच असे म्हणवत नाही; तरी माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे.

कायदा वाचताना कलम ३९ अधिक भारदस्त वाटते. कर्तव्य बजावताना केलेले गैरवर्तन, लांच्छनास्पद वर्तन, कामातील हयगय हे सारे त्यात बसत असल्याने ठरावाशिवाय झालेला खर्च, न भरलेल्या ग्रामसभा आणि निकृष्ट गटार हे सगळे एकाच तक्रारीत मांडता येते. कलम १४ (१) (ग) त्या मानाने अरुंद आहे. ग्रामपंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा तिच्याशी झालेल्या करारात त्या व्यक्तीचा, स्वतःचा अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे काय, एवढाच प्रश्न तेथे विचारला जातो. दुकान भावाच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर नुसते नाते दाखवून अर्ज टिकेल याची खात्री नाही. पैसा कोणाच्या खात्यात गेला आणि व्यवहार कोण पाहतो, हे कागदाने दाखवावे लागते.

असे असूनही माझे मत फिरले ते चौकशीच्या पद्धतीमुळे. कलम ३९ खाली जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी झाल्याशिवाय कोणालाही पदावरून दूर करता येत नाही, आणि ही तरतूद योग्यच आहे. पण माझ्या तक्रारीच्या बाबतीत ती चौकशी 'आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करावी' अशा पत्रांसह एकेक पायरी खाली उतरत गेली आणि अखेर पंचायत समितीतील विस्तार अधिकाऱ्यांच्या टेबलावर आली. ते गावात आले आणि ग्रामपंचायत कार्यालयातच बसले. ज्या धनादेशांविषयी तक्रार होती त्यांवर सरपंचांसोबत ज्या ग्रामसेवकांची सही होती, त्यांनीच कपाटातून दप्तर काढून दिले. माझा जबाब त्याच खोलीत, सरपंचांच्या माणसांदेखत नोंदवला गेला. सरपंचांच्या जबाबाच्या वेळी मात्र मला बाहेर थांबण्यास सांगण्यात आले.

पाणीपुरवठ्याच्या मोटार दुरुस्तीची आणि पाइपची बिले मी त्या दिवशी दाखवली होती. काही महिन्यांच्या अंतराने दिलेल्या, एकाच दुकानाच्या त्या बिलांवर सलग क्रमांक होते, म्हणजे मधल्या काळात त्या दुकानाने दुसऱ्या कोणालाही बिल फाडून दिले नव्हते. अहवालात या गोष्टीचा उल्लेख नाही, हे मला फार उशिरा कळले, कारण माहिती अधिकारात अहवाल मागितला तेव्हा चौकशी प्रक्रियेत असल्याचे उत्तर मिळत राहिले. तक्रारदार हा त्या कामकाजात पक्षकार नसतो. फार तर साक्षीदार असतो. हे मला शेवटपर्यंत खटकत राहिले.

विवाद अर्जात आपण अर्जदार असतो. समोरच्याला नोटीस जाते, त्याला लेखी म्हणणे द्यावे लागते, त्याची प्रत आपल्याला मिळते आणि खोडून काढण्याची संधीही मिळते. तीच बिले मी तेथे यादीसह जोडली, तेव्हा सलग क्रमांकांचा खुलासा समोरच्या पक्षाला करावा लागला आणि आदेशात त्यावर स्वतंत्र परिच्छेद आला. जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जाचा निर्णय शक्यतो ६० दिवसांत द्यावा असे कलम १६ म्हणते. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात, आणि वकिलाचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो. शिवाय या मार्गाने पद जाते, गेलेला पैसा वसूल होत नाही. तरीही अक्कलकुव्याच्या किंवा रावेरच्या माणसाला नाशिकपेक्षा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी तारखेला हजर राहणे पुष्कळ सोपे जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. याच कायद्यातील, सरकारी जागेवर अतिक्रमण केल्यास अपात्र ठरवणारे (ज-३) कलम गावकीच्या वैरातून वापरले जाते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचांना अशाच आरोपावरून अपात्र ठरवण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला, विशेषतः ग्रामीण भागातील महिलेला, पदावरून दूर करणे ही हलक्याने घेण्याची बाब नसल्याचे सुनावले. तो निकाल मला मनापासून पटतो. ज्यांच्याकडे कागद नाहीत, केवळ राग आहे, त्यांनी अर्ज करू नये.

कोणी बिल काढण्यासाठी टक्केवारी मागत असेल तर हे दोन्ही मार्ग सोडून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. फौजदारी मार्गाला लागणारा काळ मात्र गृहीत धरावा. जळगावच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराच्या प्रकरणात तेथील महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागला. सरपंचाची मुदत ५ वर्षांची असते.

विवाद अर्जाची तयारी घरूनच सुरू करता येते. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी संकेतस्थळावर वित्त आयोगाच्या निधीतून कोणाला रक्कम दिली हे दिसते. ते पाहून नेमकी प्रमाणके (खर्चाची व्हाउचर), सामान्य रोकडवहीचा (नमुना ५) उतारा आणि मासिक सभेचा ठराव यांच्या प्रमाणित प्रती माहिती अधिकारात मागाव्यात. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. या प्रती हाती आल्यावर त्यांत संबंधिताचा हितसंबंध उघड दिसत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. हितसंबंधाचा पुरावा नाही, पण कारभारातील हयगय दप्तरातूनच सिद्ध होते आहे, एवढ्याच परिस्थितीत मी कलम ३९ सुचवीन. आणि तेव्हाही आपला जबाब लेखी द्यावा, त्याच्या प्रत्येक पानावर सही करावी आणि पोच घेतल्याशिवाय ते कार्यालय सोडू नये.