लाल रंगात नऊ आकडे: घरी येऊन रक्त घेणाऱ्या लॅबचा रिव्ह्यू (पुणे) ३/५

लॅबचं नाव लिहित बसत नाही, टी (टेस्टोस्टेरॉन, पुरुषी हार्मोन) वर असाल तर कुठल्याही लॅबकडे जाताना यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी माझं सांगतो म्हणजे आकडे कळतील. मी ट्रान्समॅन (जन्माच्या वेळी नोंद मुलगी, पण मी पुरुष), वय २९, टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटचं २५० मिलीग्रॅमचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, दोन वर्षं झाली. एंडोने (हार्मोनच्या डॉक्टरांनी) नेहमीच्या टेस्ट लिहून दिल्या होत्या, सीबीसी (रक्तपेशी), एलएफटी (लिव्हर), केएफटी (किडनी), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि टोटल टेस्टोस्टेरॉन. सुट्ट्या घेतल्या तर महाग पडत होत्या म्हणून ॲपवरचं फुल बॉडी पॅकेज घेतलं, टेस्टोस्टेरॉन वेगळं जोडलं, दोन हजाराच्या वर थोडे गेले.

सॅम्पल घ्यायला आलेला दादा एक नंबर. साडेसहाचा स्लॉट, सहा पस्तीसला दारात. ॲपचं अकाऊंट माझं कॉलेजच्या वेळचं, त्यात फिमेल आणि जुनं नाव, तर दादाने फोनमध्ये बघितलं, माझ्या दाढीकडे बघितलं, परत फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "सर, पेशंट आत आहेत का?" मी म्हटलं मीच. सेकंदभर थांबला, मग "बसा सर, हात द्या". विषय संपला. नस पहिल्या झटक्यात, दुखलं नाही, कापूस दाबून धरा म्हणाला आणि गेला. त्याला ५ पैकी ६.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला, इथपर्यंत पण झकास. पण रजिस्टर नंबर आईचा (परत तेच, कॉलेजचं अकाऊंट) त्यामुळे आधी तिने उघडला. हिमोग्लोबिन १६.४ लाल, पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के) ४९.८ लाल, आरबीसी काऊंट लाल, किडनीचं क्रिएटिनिन १.१५ लाल, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ६६ लाल, लिव्हरचे एसजीओटी ७१ आणि एसजीपीटी ५८ लाल, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४ लाल, आणि टेस्टोस्टेरॉन १३४० तर लाल आणि वर ठळक. सोबत त्यांचा तो स्मार्ट रिपोर्ट म्हणून बावीस पानांची पीडीएफ, त्यात किडनीचं चित्र नारिंगी रंगवलेलं. आई दोन तास काही बोललीच नाही, मग जेवताना म्हणाली, "तरी मी म्हणत होते." एवढंच. भाकरी गिळेना मला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्थ ॲडव्हायजरचा फोन! मॅडम तुमची किडनी साठ-सत्तरवर आलीय, आमचं किडनी केअर पॅकेज आहे, आज घेतलं तर ऑफर. मी म्हटलं तुम्ही डॉक्टर आहात का, तर म्हणे नाही मॅडम मी ॲडव्हायजर. तीन स्टार इथेच कापले.

चार दिवसांनी एंडोकडे गेलो, त्या चार दिवसांत मी गुगल करून स्वतःला तीन आजार लावून घेतले होते. डॉक्टरांनी आकडे बघायच्या आधी विचारलं, रक्त इंजेक्शननंतर कितव्या दिवशी दिलं? मी म्हटलं तिसऱ्या. हसल्या. एनॅन्थेटचं पहिल्या काही दिवसांत शिखर असतं, नंतर उतरत जातं, म्हणून त्या दोन डोसच्या बरोबर मध्ये बघतात, म्हणजे माझ्यासाठी दहावा-अकरावा दिवस, आणि तेव्हा ४०० ते ७०० च्या दरम्यान हवं. तिसऱ्या दिवसाच्या १३४० वरून डोस ठरवता येत नाही. (टी चं दुसरं इंजेक्शन, अनडेकॅनोएट, घेणाऱ्यांचं उलट आहे, त्यांनी पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी द्यायचं. टी चं जेल लावणाऱ्यांनी ज्या हातावर जेल लावता त्या हातातून रक्त देऊ नका, कातडीवरचं जेल सुईसोबत सॅम्पलमध्ये जाऊन आकडा उगाच फुगतो.)

मग दुसरा प्रश्न, केसांसाठी काही घेतोस का. घेतोच की, टी वर केस गळायला लागल्यावर कोण घेत नाही, बायोटिनची १० मिलीग्रॅमची गोळी रोज रात्री. तर बऱ्याच मशीनमधली टेस्टच बायोटिनच्या आधाराने चालते, रक्तात ते जास्त असलं की टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त येऊ शकतं आणि थायरॉईडचं टीएसएच खोटं कमी. अमेरिकेच्या एफडीएने यावर २०१७ मध्येच इशारा दिलाय. मला तीन दिवस आधी गोळी बंद करायला सांगितली. आता सांगा, ॲपने मला बारा तास उपाशी रहा हे चार वेळा मेसेज करून सांगितलं, पण इंजेक्शन कधी घेतलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत, एकदाही विचारलं नाही. एक चौकट वाढवायची आहे फॉर्ममध्ये, रॉकेट सायन्स नाही.

आता रक्ताचे आकडे. लॅबने ते बायकांच्या रेंजला लावले, हिमोग्लोबिन १२ ते १५, पीसीव्ही ३६ ते ४६. टी मुळे अस्थिमज्जा लाल पेशी जास्त बनवते, त्यामुळे वर्ष-दीड वर्ष टी वर असलेल्या माणसाला पुरुषांचीच रेंज लावायची असते, १३ ते १७ आणि ४० ते ५०. त्यात माझे दोन्ही बसतात. पण डॉक्टर इथे हसल्या नाहीत हे पण लिहितो, कारण लगेच सगळे म्हणतील की लाल म्हणजे लॅबचा घोळ. ४९.८ काठावर आहे. ५४ च्या वर गेलं तर डोस थांबवतात किंवा कमी करतात कारण रक्त घट्ट होतं, गुठळीची भीती. मी उपाशी म्हणजे पाणीपण नाही असं समजून रात्रीपासून घोटभर प्यायलो नव्हतो, त्यानेही पीसीव्ही वर दिसतं, आणि दिवसाला तीन सिगरेटी, त्यावर बोलणी खाल्ली ती वेगळीच. जिममधला एक मित्र म्हणाला रक्तदान कर, उतरेल. त्याला काय माहीत, सरकारच्या २०१७ च्या गाईडलाईन्सप्रमाणे आम्ही ट्रान्स लोक रक्तदान करूच शकत नाही.

क्रिएटिनिनचं तर मला रागच आला. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, स्नायू वाढले तर ते वाढणारच, आणि ईजीएफआरच्या सूत्रात वय आणि लिंग टाकावं लागतं. तेच १.१५, तेच २९ वय, फिमेल टाकलं की ६६, मेल टाकलं की ८८. रक्त एकच! डॉक्टर म्हणाल्या लघवीची तपासणी नॉर्मल आहे, शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी टेस्ट करू, त्यात स्नायूंचा गोंधळ खूप कमी. लिव्हरच्या दोन आकड्यांमागे आदल्या संध्याकाळचा जिममधला लेग डे (पायांचा व्यायाम) निघाला, एसजीओटी स्नायूंतही असतं. लिव्हरचाच आणखी एक आकडा, जीजीटी, नॉर्मल होता.

आणि एचडीएल ३४ मात्र खरंच कमी. बायकांची रेंज लावा नाहीतर पुरुषांची, दोन्हीकडे लालच. टी ने एचडीएल खाली येतं, त्यात सिगरेट. नवातलं हे एकच निखळ खरं आणि गंमत म्हणजे ॲडव्हायजरबाईंनी फोनवर याचा उल्लेखही केला नाही, पॅकेज नसेल त्याचं.

कस्टमर केअरला मेल करून जेंडर बदलून मागितलं तर आधार पाठवा, मग जुना रिपोर्ट बदलता येत नाही, मग चौथ्या मेलला त्यांच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा स्वतःहून फोन. त्या बाई खरंच चांगल्या. म्हणाल्या रेंज सॉफ्टवेअर लावतं, मी सही करताना बघायला हवं होतं, सॉरी, आणि पुरुषांच्या रेंजने नवीन रिपोर्ट काढून दिला, पैसे न घेता. कापलेला एक स्टार त्यांना परत दिला म्हणून तीन झाले. नाहीतर दोनच होते.

आता अकाऊंटवर मेल आहे तर ॲप मला फुल बॉडीमध्ये पीएसए टाकून देतंय, प्रोस्टेटची टेस्ट, जो माझ्याकडे नाही. काढता येत नाही म्हणे, पॅकेजचा भाग आहे.

दीड महिन्याने परत केलं, यावेळी सुट्ट्या टेस्ट. अकरावा दिवस, बायोटिन बंद, पाच दिवस जिम नाही, सकाळी दोन ग्लास पाणी. टेस्टोस्टेरॉन ६१०, पीसीव्ही ४८.१, एसजीओटी ३३. एचडीएल ३५. दादा तोच आला होता. मी म्हटलं दादा, चिठ्ठीवर इंजेक्शनचा अकरावा दिवस लिहाल का, तर म्हणाला तशी जागा नाहीये सर, आणि मग पेन काढून बारकोडच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं.