ट्रेझर मॉडेल वन : चोरापासून राखण उत्तम, सरकारपासून जेमतेम

क्रिप्टोचलन बाळगण्यावर उद्या सरकारने बंदी घातली तरी आपली मालमत्ता आपल्याच हाती राहील, या भरवशावर हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टोचलनाची गुप्त किल्ली जपणारे छोटे उपकरण) घेणारे पुष्कळ आहेत. म्हणून २०१४ साली बाजारात आलेल्या ‘ट्रेझर मॉडेल वन’चे परीक्षण मी याच अपेक्षेच्या कसोटीवर करीत आहे.

उपकरण म्हणून ते चोख आहे. खासगी किल्ली, म्हणजे जिच्या सहीने चलन खर्च करता येते ती गुप्त संख्या, व्यवहारावर सही करतानाही आतच राहते. संगणकात व्हायरस शिरलेला असला तरी रक्कम आणि ती घेणाऱ्याचा क्रिप्टो-पत्ता उपकरणाच्या छोट्या पडद्यावर वाचून बटण दाबल्याखेरीज व्यवहार पुढे सरकत नाही. पिन टाकताना अंकांच्या जागा दर वेळी बदलतात आणि त्या केवळ उपकरणावर दिसतात, ही योजना मला विशेष आवडली. मात्र उपकरणच कुशल हल्लेखोराच्या हाती पडले तर किल्ली काढता येते, हे क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या (क्रिप्टोचलन खरेदी-विक्रीच्या मंचाच्या) ‘क्रॅकेन सिक्युरिटी लॅब्स’ या सुरक्षा विभागाने २०२० साली दाखवून दिले आहे. त्यामुळे वेगळी पासफ्रेज (पिनखेरीजचा जादा गुप्त शब्दसमूह) लावणे आवश्यकच समजावे.

आता मूळ अपेक्षेकडे वळू. बँकेतील खाते गोठवायला एक आदेश पुरतो, तसा आदेश बजावण्यासाठी येथे मध्ये कोणी संस्थाच नसते, हा फायदा खरा आहे. पण बंदीचा रोख वस्तूपेक्षा ती बाळगणाऱ्यावर असतो. १९३३ साली अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने नागरिकांना जवळचे बहुतेक सोने औंसाला २०.६७ डॉलर दराने जमा करावे लागले आणि पुढच्याच वर्षी सरकारने तो दर ३५ डॉलर केला (भरपाई मिळाली खरी, पण कोणत्या भावाने!). सोने पुरून ठेवणे शक्य होते, मात्र ते उघडपणे विकता येत नव्हते आणि पकडले गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होती. अल्जीरियाच्या २०१८ च्या वित्त कायद्याने तर आभासी चलन जवळ ठेवण्यावरच बंदी घातली. ब्रिटनमध्ये २००० सालच्या कायद्यानुसार पोलीस रीतसर नोटीस देऊन सांकेतिक किल्ली मागू शकतात आणि ती न देणे हाच गुन्हा ठरतो. तेथे पिन कितीही भक्कम असून उपयोग नाही.

खरा बचाव न्यायालयात होतो. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली क्रिप्टो व्यवहारांना बँकसेवा नाकारणारे परिपत्रक काढले, ते भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी प्रमाणबद्धतेच्या निकषावर (उपाय धोक्याच्या मानाने अवाजवी आहे का, या कसोटीवर) रद्द केले. संसदेने रीतसर कायदा केला असता तर प्रश्न याहून अवघड झाला असता, कारण राज्यघटनेचा अनुच्छेद ३००-अ कायद्याच्या अधिकाराने मालमत्ता काढून घेण्यास मुभा देतो.

तेव्हा चोरी आणि एक्स्चेंजची दिवाळखोरी यांपासून बचाव हवा असेल, तर हे उपकरण जरूर घ्यावे. केवळ बंदीच्या धास्तीने घेणाऱ्यांनी खरेदीच्या पावत्या आणि करविवरणपत्रे निराळी जपावीत, कारण वॉलेटमध्ये व्यवहारांची यादी दिसते, पण मालकाचे नाव कोठेही नोंदलेले नसते आणि भरपाई मागायची वेळ आली तर मालक कोण, हाच पहिला प्रश्न विचारला जाईल.